अ‍ॅडलेड हर्मन : जादूगाराची बायको नव्हे, जादूगार

रंगपट

१७ डिसेंबर १८९६. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून पेनसिल्वेनियातल्या ब्रॅडफर्डकडे निघालेल्या गाडीला एक खाजगी डबा जोडलेला होता. त्या डब्यात अलेक्झांडर हर्मन हृदयविकाराने गेला. वय ५२. 'हर्मन द ग्रेट' हे त्या वेळी अमेरिकेतल्या गावोगावी माहीत असलेलं नाव. टोकदार दाढी, वर वळवलेल्या मिशा, रूप थेट सैतानाचं आणि बोलणं मात्र मिठ्ठास. कमाई भरपूर होती, पण थाटमाट आणि नाटकगृहांतली गुंतवणूक यांत ती वाहून गेली. मागे उरले ते सामानाचे पेटारे, प्राणी, पगारावरची माणसं, आधीच ठरलेल्या खेळांच्या तारखा आणि ४३ वर्षांची बायको.

हा धागा तिच्याबद्दल आहे. जादूच्या इतिहासात अ‍ॅडलेड हर्मनचा उल्लेख बहुतेकदा नवऱ्याच्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात होतो: 'त्याच्या निधनानंतर पत्नीने खेळ पुढे चालू ठेवला.' हा 'पुढे चालू' असलेला काळ तीस वर्षांहून मोठा आहे. नवऱ्याबरोबर ती जेवढी वर्षं रंगमंचावर होती त्यापेक्षा अधिक काळ ती स्वतःच्या नावावर उभी होती. मला तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं ते यासाठी.

तिचा जन्म ११ ऑगस्ट १८५३ चा, लंडनचा. आईवडील बेल्जियन. ती आधी नर्तकी झाली आणि त्या काळात नवलाईच्या असलेल्या दुचाकींवर कसरती करणाऱ्या मुलींच्या ताफ्यातही होती. अलेक्झांडरची आणि तिची ओळख लंडनमधली. पुढे अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर पुन्हा गाठ पडली आणि मार्च १८७५ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्यांचं लग्न लावलं.

सुरुवातीला ती मुलाचे कपडे घालून मदतनीस म्हणून वावरायची. मग एकेक करून खेळातली अवघड कामं तिच्याकडे आली. हवेत तरंगणारी बाई तीच, गायब होणारी तीच, तोफेतून उडणारीही तीच. 'क्रिमेशन' नावाच्या प्रसंगात तिला पेटीत घालून जाळल्याचं दाखवत आणि ज्वाळांमधून भुतं उठत. शिवाय त्या काळची प्रसिद्ध नर्तकी लोई फुलर हिच्या धर्तीवर रेशमाचे घोळ फिरवत, त्यावर रंगीत प्रकाश घेत केलेलं नृत्य असायचं. हर्मनच्या खेळात डोळे दिपवणारं जे काही होतं, त्याचा मोठा भाग तिच्या अंगाने घडत होता. टाळ्या वाजवणाऱ्या हाताइतकीच नजर चुकवणारी पावलंही जादूत लागतात, आणि ती पावलं नर्तकीची होती.

नवरा गेल्यावर तिने पॅरिसहून त्याचा पुतण्या लिऑन याला बोलावून घेतलं. तो दिसायला काकासारखा होता आणि लोकांना 'हर्मन' बघायचा होता. महिनाभराच्या आत खेळ पुन्हा उभा राहिला. पण लिऑनवर सगळं सोपवून ती मागे बसली नाही. जानेवारी १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये तिने बंदुकीची गोळी झेलण्याचा प्रयोग केला. समोर सहा बंदूकधारी. खुद्द अलेक्झांडरनेही हा प्रयोग मोजक्याच वेळा केला होता, कारण त्यात आधीही माणसं मेली होती. नवरा जाऊन जेमतेम महिना झालेला असताना ती त्या बंदुकांसमोर उभी राहिली. याला मी हौस मानत नाही. थिएटरचे व्यवस्थापक, वार्ताहर आणि स्वतःची माणसं या सगळ्यांना एकाच रात्रीत कळायला हवं होतं की आता मालक कोण आहे.

लिऑनशी तिचं तीन हंगाम निभलं. १८९९ मध्ये ते वेगळे झाले. त्याच वर्षी 'ब्रॉडवे मॅगझिन'मध्ये तिने लिहिलं की, स्त्री-पुरुष हा प्रश्न पूर्ण बाजूला ठेवून या व्यवसायातली अग्रणी म्हणून लोक मला मान्य करत नाहीत तोवर माझं समाधान होणार नाही. आणि मग ती एकटी वॉडेव्हिलमध्ये उतरली.

त्यानंतरचे तिचे गाजलेले प्रसंग म्हणजे कॅग्लिओस्ट्रोच्या दरबारातला प्रसंग, अधांतरी 'फँटम ब्राइड', बिलियर्डच्या चेंडूंची हातचलाखी आणि सगळ्यात मोठा 'नोहाज आर्क', म्हणजे बायबलमधल्या प्रलयकथेतली प्राण्यांना वाचवणारी नोहाची नौका. मोठी रिकामी नौका दाखवायची, तिच्यात पाणी ओतायचं, आणि मग तिच्यातून जोडीजोडीने प्राणी बाहेर येऊ लागायचे. त्यातले सिंह आणि हत्ती म्हणजे खरं तर वेष चढवलेले कुत्रे! पांढरे पक्षी उडायचे, आणि शेवटी नौकेची बाजू उघडली की आत एक स्त्री पहुडलेली.

सप्टेंबर १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या गोदामात तिचं सामान होतं त्याला आग लागली. आयुष्यभराची यंत्रं, पडदे, पोशाख जळाले आणि बरेचसे प्राणीही गेले. तेव्हा ती ७३ वर्षांची होती. तिने लहानसा नवा प्रयोग बसवला आणि पुन्हा दौऱ्यावर निघाली. १९२८ मध्ये थांबली. १९ फेब्रुवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिचं निधन झालं. ब्रॉन्क्समधल्या वुडलॉन दफनभूमीत अलेक्झांडरशेजारी तिला ठेवलं आहे.

या काळातल्या जादूगारांबद्दल, वॉडेव्हिलबद्दल ज्यांनी वाचलं आहे त्यांनी भर घालावी.

मृदगंध

वाचताना गुंगून गेले. कुत्र्यांना हत्ती करण्याची कल्पना भारीच!

एक शंका. वॉडेव्हिल म्हणजे नेमकं कसं असायचं? हर्मन द ग्रेटचा खेळही तिकीट लावूनच व्हायचा ना? मग 'एकटी वॉडेव्हिलमध्ये उतरली' यात एवढं वेगळं काय झालं?

रंगपट

@मृदगंध, या प्रश्नातच तिची अर्धी गोष्ट आहे.

अलेक्झांडरचा खेळ पूर्ण संध्याकाळचा असे. दोन-अडीच तास एकच मंडळी. प्रवास, सामान, जाहिरात, नोकरवर्ग सगळं स्वतःच्या खिशातून. चालला तर धन, नाहीतर कर्ज. वॉडेव्हिलचं गणित निराळं. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात जसं गाण्यानंतर नकलाकार, मग नाच, मग पुन्हा गाणं, तसा आठ-नऊ वेगवेगळ्या मंडळींचा मिळून एक कार्यक्रम. प्रत्येकाला दहा ते वीस मिनिटं. पगार आठवड्याचा. थिएटर मालकाचं, जाहिरात मालकाची, वाद्यवृंदही त्याचाच.

बी. एफ. कीथ या थिएटरमालकाने १८८५ मध्ये बॉस्टनला सकाळपासून रात्रीपर्यंत सलग चालणारा खेळ सुरू केला. बायकामुलांना घेऊन निर्धास्त यावं अशी जागा, शिवीगाळ नाही, दारू नाही. पुढे कीथ आणि एडवर्ड आल्बी यांच्या हाती पूर्वेकडची थिएटरं एकवटली आणि पश्चिमेला ऑर्फियम साखळी उभी राहिली. कंत्राट मिळालं की एका शहरातून दुसऱ्या शहरात आठवड्या-आठवड्याने फिरायचं. पण काम देणारं कार्यालय एकच असल्यामुळे तिथे नाराजी ओढवली तर देशभरची दारं बंद. त्याच कार्यालयाचं कमिशन पगारातून कापलं जायचं.

सोमवारी सकाळी तालीम. वाद्यवृंदासमोर आपल्या संगीताची पानं ज्या क्रमाने ठेवली त्या क्रमाने तालमीला उभं राहायचं. दुपारी पहिला खेळ. तो बघून कीथच्या थिएटरचा व्यवस्थापक वरिष्ठांना प्रत्येक मंडळीवर अहवाल पाठवायचा: किती मिनिटं, कुठे हशा, कुठे लोक उठले, काय कापायला सांगितलं. असे अहवाल आयोवा विद्यापीठात जपलेले आहेत. इतकी कडक आणि इतक्या लगेच मिळणारी परीक्षा आज कुठल्या कलावंताची होत असेल?

आता हे अ‍ॅडलेडच्या दृष्टीने बघा. पूर्ण संध्याकाळचा डोलारा सांभाळायला भांडवल हवं आणि 'हर्मन' नावाचा पुरुष हवा, असं बाजाराचं मत होतं. वीस मिनिटांच्या प्रसंगाला ते लागत नव्हतं. लागत होतं ते डोळ्यांना धरून ठेवणारं दृश्य, पक्की वेळ आणि संगीतावर बसवलेली हालचाल, आणि हे तिच्याकडे नर्तकी असल्यापासून होतं. तिचे प्रसंग बोलण्यावर कमी आणि संगीत, पोशाख, अभिनय यांवर जास्त चालायचे. अलेक्झांडरचा जीव त्याच्या बोलण्यात होता. तिने त्याची नक्कल केली नाही, आपल्या अंगात जे होतं त्यावर प्रयोग बांधला.

तिफण

गोळी झेलण्याच्या प्रयोगाबद्दल लिहितो, कारण हर्मन मंडळींशी त्याचा पुढचा धागा फार जवळचा आहे.

हर्मनच्या कंपनीत पडद्यामागे विल्यम रॉबिन्सन नावाचा माणूस होता. यंत्रं बनवणं, बसवणं, दुरुस्त करणं यांत विलक्षण. आधी जादूगार हॅरी केलरकडे, मग हर्मनकडे, आणि अलेक्झांडर गेल्यावर अ‍ॅडलेड-लिऑनच्या कंपनीतही. त्याची जोडीदार डॉट ही देखणी आणि लहान चणीची, त्यामुळे गायब होण्याच्या प्रयोगांना ती अगदी योग्य. १९०० मध्ये हाच रॉबिन्सन डोक्याचे पुढचे केस काढून, मागे शेंडी सोडून, चिनी पोशाख चढवून लंडनच्या अल्हाम्ब्रात 'चुंग लिंग सू' म्हणून उभा राहिला आणि पुढची अठरा वर्षं त्याने प्रेक्षकांसमोर इंग्रजीत बोलणं टाळलं. मूळ कल्पना अर्थातच चिंग लिंग फू या खऱ्या चिनी जादूगाराची. १९०५ मध्ये दोघेही एकाच वेळी लंडनमध्ये होते आणि एका वृत्तपत्राच्या कचेरीत त्यांचा सामना ठरला होता, पण फू तिथे आलाच नाही.

२३ मार्च १९१८, वुड ग्रीन एम्पायर, लंडन. सू गोळी झेलायला उभा राहिला आणि गोळी खरोखर छातीत घुसली. त्याने इंग्रजीत पडदा पाडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

चौकशीत बंदूक तपासली तेव्हा कळलं ते असं. तोंडाकडून भरायची जुनी बंदूक. नळीखाली गज ठेवायची दुसरी बारीक नळी असते. रॉबिन्सनने रचना अशी केली होती की चाप ओढल्यावर ठिणगी मुख्य नळीत न जाता खालच्या नळीतल्या नुसत्या दारूला लागावी. आवाज होतो, धूर होतो, गोळी जागच्या जागी राहते. प्रेक्षकांनी खूण केलेल्या गोळ्या आधीच बदललेल्या असतात आणि त्या त्याच्याकडे पोचलेल्या असतात. खेळ संपल्यावर मुख्य नळीतली गोळी आणि दारू बाहेर काढायला हवी. ती उडवून मोकळी करण्याऐवजी तो मागचा स्क्रू उघडून काढायचा. वर्षानुवर्षं उघडझाप करून आटे झिजले, दारूची बारीक पूड फटीतून सरकत गेली आणि एका रात्री ठिणगीला वाट मिळाली. अपघाती मृत्यू असा निर्णय झाला.

मी कारखान्यात यंत्रदेखभालीचं काम केलं आहे, म्हणून हे वाचून काळजात चर्र झालं. रचना उत्तम होती. जीव घेतला तो देखभालीच्या सवयीने. आणि १८९७ मध्ये अ‍ॅडलेडने तो प्रयोग केला तेव्हा रॉबिन्सन त्याच कंपनीत होता हे लक्षात घ्या.

अनवट

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे.

'बाजाराला पुरुष हर्मन हवा होता' हे खरं, पण हर्मन हे आडनावच तिची सगळ्यात मोठी पुंजी होती. अलेक्झांडरच्या आधी त्याचा थोरला भाऊ कार्ल हर्मन युरोपभर गाजलेला. दोन पिढ्यांचं नाव तिला मिळालं. ज्यांना असं नाव नव्हतं त्या बायकांचं काय झालं बघा. जादूगार चार्ल्स दे व्हेअरची मुलगी क्लेमेंटाइन 'आयोनिया' नावाने इजिप्तच्या थाटाचा भव्य खेळ घेऊन १९१० च्या सुमारास इंग्लंडमध्ये उतरली. तिची रंगीत पोस्टर आजही संग्राहक जपतात, पण कारकीर्द थोडक्या वर्षांत आटोपली. जादूगार सर्व्हे ल रॉयची जोडीदार टाल्मा नाणी लपवण्यात अव्वल, तरी तिचं नाव नेहमी 'ल रॉय, टाल्मा अँड बॉस्को' या तिघांच्या पाटीवरच राहिलं. कर्तृत्व तिन्हींकडे होतं. टिकून राहिली ती आडनाववाली. म्हणून अ‍ॅडलेडच्या उदाहरणावरून वॉडेव्हिलने बायकांना दार उघडलं असं म्हणायला मी तयार नाही.

रंगपट

@अनवट, टाल्मा आणि आयोनिया इथे आल्या हे फार बरं झालं.

आडनावाचं वजन मला मान्य आहे. पण तेच आडनाव लिऑनकडेही होतं, शिवाय काकाचा चेहराही होता. फारकतीनंतर तोही वॉडेव्हिलमध्ये गेला आणि १९०९ मध्ये वारला. आडनावाने पहिला करार मिळतो. विसाव्या वर्षीचा करार व्यवस्थापकाच्या सोमवारच्या अहवालावर मिळतो. लंडन-पॅरिसच्या थिएटरांनाही निव्वळ 'विधवा हर्मन' म्हणून तिला बोलवायचं काही कारण नव्हतं.

वॉडेव्हिलने सगळ्यांना दार उघडलं असं मीही म्हणत नाही. गायिका आणि नर्तकींना तिथे जागा होती, जादूगार बाईला नव्हती. तिने नृत्याच्या दारातून शिरून आत जादू मांडली, असं फार तर म्हणता येईल.

अनवट

हे पटतं. नृत्याच्या दाराचा मुद्दा टाल्मालाही लागू होतो. ती मूळची नर्तकी होती का ते तपासून बघते.

किनारा

आपल्या बाजूचे दोन दुवे देतो.

पहिला, चार्ल्स कार्टर, 'कार्टर द ग्रेट'. अमेरिकेत केलर, थर्स्टन, हूडिनी अशी गर्दी, म्हणून याने जगभर फिरण्याचा मार्ग धरला. ऑस्ट्रेलिया, चीन, भारत असे त्याचे दौरे असत. मधल्या काळात न्यूयॉर्कचं मार्टिन्का हे जादूच्या साहित्याचं प्रसिद्ध दुकानही त्याने विकत घेतलं होतं. त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत १९०२ मध्ये सोसायटी ऑफ अमेरिकन मॅजिशियन्सची स्थापना झाली. हा कार्टर फेब्रुवारी १९३६ मध्ये दौऱ्यावर असताना मुंबईत वारला. म्हणजे त्या पिढीतल्या एका मोठ्या जादूगाराचा शेवटचा मुक्काम आपल्या शहरात होता.

दुसरा, दादासाहेब फाळके. १९१३ चा पहिला चित्रपट काढण्याआधी ते जादूचे प्रयोग करायचे आणि त्यासाठी आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव घेतलं होतं. चित्रपटातल्या त्यांच्या करामती बघताना हा हात जाणवतो. पॅरिसमध्ये सुरुवातीच्या काळातला चित्रपटकार मेलिएस याचं तेच. आधी रॉबेर-हूदँचं जादूचं थिएटर, मग चित्रपट.

वॉडेव्हिलशी हे कसं जुळतं बघा. ल्युमिएर बंधूंची चलचित्रं न्यूयॉर्कला २९ जून १८९६ रोजी कीथच्या युनियन स्क्वेअर थिएटरात कार्यक्रमाचा एक भाग म्हणून दाखवली गेली आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. वीस मिनिटांचा पाहुणा म्हणून आलेला सिनेमा पुढे सगळा रंगमंच घेऊन बसला. न्यूयॉर्कचं पॅलेस थिएटर, जिथे खेळायला मिळणं म्हणजे वॉडेव्हिलमधली सर्वोच्च पायरी, ते १९३२ च्या अखेरीस चित्रपटांकडे गेलं. अ‍ॅडलेड त्याच वर्षी वारली.

मृदगंध

केळफा! हे माहीतच नव्हतं. धन्यवाद.

रंगपट, एवढे प्राणी घेऊन ती दर आठवड्याला गाव कशी बदलायची? आणि आगीत ते सगळे गोदामात कसे काय होते? तो भाग वाचून फार वाईट वाटलं.

रंगपट

@मृदगंध, प्रवास रेल्वेचा. माणसं प्रवासी डब्यात, पेटारे आणि पिंजरे सामानाच्या डब्यात. शनिवार-रविवारी रात्री खेळ संपला की सगळं उतरवून, बांधून स्टेशनावर न्यायचं आणि सोमवारी सकाळी नव्या गावात पुन्हा उभं करायचं. 'नोहाज आर्क'सारखा प्रसंग म्हणजे नौका, पाण्याची सोय, प्राण्यांचं खाणं, त्यांचे वेष, शिवाय प्रत्येकाची आत शिरायची आणि बाहेर यायची वेळ. मला तरी तिच्या कौशल्याचा खरा पुरावा इथे दिसतो. पत्ता हातात लपवायला बोटं शिकवता येतात. वेष घातलेल्या कुत्र्याला अंधाऱ्या पेटीत शांत बसवायचं आणि ठरलेल्या सुरावर बाहेर आणायचं, तेही दिवसातून दोनदा, हे त्यांच्या रोजच्या सहवासाशिवाय होत नाही.

उन्हाळ्यात बरीच थिएटरं बंद असत, वातानुकूलन नव्हतं. हंगाम शरदात सुरू व्हायचा. तिचा सगळा संसार, प्राण्यांसकट, नेमका अशा सप्टेंबरात एका छपराखाली होता. थोडेच प्राणी वाचले. त्यानंतरचा प्रयोग म्हणूनच लहान होता: संगीत, हातचलाखी आणि ती स्वतः.

सांजवात

उशिरा आले धाग्यावर. तिच्या स्वतःच्या शब्दांत काही उपलब्ध आहे का? की सगळं वर्तमानपत्रांतूनच जुळवलेलं आहे?

रंगपट

@सांजवात, आहे. तिने आठवणी लिहून ठेवल्या होत्या. हस्तलिखित कुटुंबात राहिलं आणि अमेरिकन जादूगार मार्गारेट स्टील यांनी संपादित करून २०१२ मध्ये ते पुस्तकरूपात आणलं. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर ८० वर्षांनी. स्टील स्वतः तिचे प्रयोग रंगमंचावर पुन्हा करून दाखवतात.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि त्यात तिचे नियतकालिकांतले लेख, जाहिरातपत्रकं वगैरेही आहेत. ज्यांना पडद्यामागच्या कष्टांमध्ये रस आहे त्यांनी जरूर मिळवून वाचावं.

सांजवात

मिळवते. आणि एक भर घालते: लंडनच्या मॅजिक सर्कल या संस्थेने, जी १९०५ मध्ये सुरू झाली, महिलांना सदस्यत्व दिलं ते थेट १९९१ मध्ये. त्यामुळे हस्तलिखित इतकी वर्षं का पडून राहिलं याचं मला तरी नवल वाटत नाही. अनवट यांनी टाल्माबद्दल काही शोधलं तर इथेच लिहा, मी धागा वाचनखूण करून ठेवला आहे.